आज आवतन, उद्या जेवण : विज्ञानमालिकेचा शेवटून दुसरा भाग कसा लिहावा

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे गरम पाण्याने धुतात, त्यांना हळद आणि तूप चोळतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' असे त्यांच्या कानाशी म्हणतात. मिरवणूक, तोरण आणि पुरणपोळी हे सारे दुसऱ्या दिवशीचे असते, परंतु वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हात लागतो तो खांदशेकणीच्या सांजेलाच. मालिकेचा शेवटून दुसरा भाग लिहायला बसलो की मला ही सांज आठवते, कारण त्या भागाचे काम नेमके हेच असते.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात आमचा लहानसा गट मोबाइलवर मालिका चित्रित करतो आणि शाळेच्या मैदानात पडदा बांधून गावाला दाखवतो. आमच्या पहिल्या विज्ञानमालिकेचे आठ भाग होते आणि सातव्या भागात आम्ही मोठी चूक केली. सगळी उत्तरे आठव्या भागासाठी राखून ठेवल्यामुळे सातव्यात पात्रे नुसती पांदणीतून इकडून तिकडे धावत राहिली. मध्येच एक आजीबाई चटई गुंडाळून उठल्या आणि 'आज काई नाई, उद्याच येतो' असे म्हणून निघून गेल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुढील विवेचन त्या चुकीनंतर हाती लागलेल्या पद्धतीचे आहे. उदाहरण म्हणून आमच्याच दुसऱ्या मालिकेचा सातवा भाग घेतो, कारण त्यातील प्रत्येक खिळा कुठे ठोकला आहे हे मला ठाऊक आहे.

उत्तर सातव्यात, निर्णय आठव्यात

सर्वांत आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी. विज्ञानकथेतील कोड्याचे उत्तर, म्हणजे 'हे काय आहे आणि हे असे का घडते', शेवटून दुसऱ्या भागात देऊन टाकावे. शेवटच्या भागासाठी 'आता काय करायचे आणि त्याची किंमत कोण मोजणार' एवढेच राखावे. नवे लेखक नेमके उलट करतात. उत्तर हेच आपले भांडवल आहे असे वाटून ते त्याला शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत कवटाळून बसतात. मग त्या दहा मिनिटांत एका पात्राला उभे राहून व्याख्यान द्यावे लागते आणि माणसांसाठी वेळच उरत नाही.

जगभरच्या गाजलेल्या मालिकांत हीच रीत दिसते. 2005 साली नव्याने सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या पर्वाचे तेरा भाग होते. पडद्याआडचा शत्रू कोण, हे बाराव्या भागातच उघड होते आणि शत्रूने पकडलेल्या आपल्या साथीदार मुलीविषयी नायक त्याच्या तोंडावर 'मी तिला सोडवायला येतो आहे' असे सांगतो, तेथे तो भाग संपतो. सोडवण्याची किंमत काय पडली, हा तेराव्या भागाचा विषय. कर्मचाऱ्यांची कार्यालयातील आणि बाहेरची स्मृती वेगळी केलेली असते अशा 2022 च्या 'सेव्हरन्स'च्या पहिल्या पर्वात नऊ भाग आहेत. आठव्याच्या शेवटी एक कर्मचारी एकट्याने दोन कळा धरून ठेवतो आणि कार्यालयाच्या आत अडकलेली त्याच्या सहकाऱ्यांची मने प्रथमच बाहेरच्या जगात जागी होतात. त्या कळांनी काय घडू शकते हे प्रेक्षकाने आधीच्या भागांत पाहिलेले असते, म्हणून त्या क्षणी कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पहिली पायरी : शेवटचा निर्णय एका वाक्यात लिहावा

सातवा भाग लिहिण्यापूर्वी आठव्या भागातील निर्णय एका वाक्यात कागदावर उतरवावा. आमचे वाक्य असे होते : 'उद्या सकाळी साडेआठच्या आत पर्जन्यमापक बंद पडणार हे ठरलेले आहे, तो आपल्या हाताने बंद करायचा की दुसऱ्याच्या हाताने बंद पडू द्यायचा, हे नायिकेने ठरवायचे आहे.' हे वाक्य जमत नसेल तर सातवा भाग लिहायला घेऊ नये. अडचण सातव्या भागात नसून आणखी मागे, बहुधा तिसऱ्या-चौथ्या भागात असते.

दुसरी पायरी : नियमांची वही

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. एका साध्या वहीत आपल्या कथेतील विज्ञानाचे सर्व नियम लिहावेत आणि प्रत्येक नियमापुढे तो प्रेक्षकाने कोणत्या भागात, कोणत्या दृश्यात पाहिला ते नोंदवावे. सातव्या भागात एकही नवा नियम येता कामा नये. ज्या नियमापुढची जागा कोरी असेल, त्याचे दृश्य मागे जाऊन घालावे किंवा तो नियम खोडावा.

आमच्या कथेत धुऱ्यालगतचे, म्हणजे शेताच्या बांधालगतचे, स्वयंचलित हवामान केंद्र एके दिवशी उद्याचा पाऊस आजच दाखवू लागते. बाकी सारे आम्ही खरे ठेवले, कारण एक असत्य खपवायचे असेल तर त्याच्या भोवतीची दहा सत्ये पक्की हवीत. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेआठ असा मोजतात. स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन लहान पात्रे असतात. एका पात्रात ठरावीक माप भरले की ते कलंडते, दुसरे वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची विजेच्या ठोक्याने नोंद होते. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पीकनुकसानीच्या मदतीची वाट मोकळी होते, हे विदर्भातील प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. त्यामुळे '64' आणि '66' या दोन आकड्यांमधील नाट्य आम्हाला निराळे रंगवावे लागले नाही. पडद्यावर 64 दिसताच मैदानातून सुस्कारा आला.

वहीतील सर्वांत महत्त्वाचा नियम शून्याचा होता. यंत्र '0' दाखवते तेव्हा दोन शक्यता असतात : पाऊस पडलेला नाही, किंवा पाऊस पडला पण नरसाळ्यात पालापाचोळा, कोळ्याचे जाळे किंवा पाखराची विष्ठा अडकल्याने पाणी खाली पोहोचले नाही. यंत्र आडवी रेघ दाखवते तेव्हा अर्थ वेगळा असतो, म्हणजे नोंदच नाही. तिसऱ्या भागात आम्ही कडुलिंबाचा पाला नरसाळ्यात अडकवून खोटे शून्य दाखवले होते, आणि चौथ्यात बॅटरी उतरल्यावर आलेली रेघ दाखवली होती. तेव्हा ती दोन्ही दृश्ये विनोदी वाटली. सातव्या भागात त्याच रेघेने मैदान शांत केले.

काळाशी खेळणाऱ्या कथेत आणखी एक नियम ठरवावाच लागतो : कळलेले भविष्य बदलता येते की नाही? रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे स्वयंसुसंगतीचे तत्त्व असे सांगते की, काळात मागे जाता आले तरी आधीच्या घटनांशी विसंगत असे काही घडू शकणार नाही. आम्ही याच बाजूने गेलो : आकडा चुकत नाही, पण तो आकडा कशामुळे येईल हे मोकळे आहे. पाचव्या भागात यंत्राने उद्यासाठी 71 दाखवले, दुसऱ्या दिवशी आभाळ कोरडे ठणठणीत राहिले, आणि तरीही नोंद 71 चीच झाली, कारण कोणीतरी नरसाळ्यात पाणी ओतले होते. भाकीत खरे ठरले आणि पाऊस खोटा होता. असा दुहेरी नियम मिळाला की लेखकाचे निम्मे काम होते, कारण नियती अढळ राहूनही माणसाच्या हातात काहीतरी उरते.

येथे हिशेब करून पाहण्याची सवय लावावी. नरसाळ्याचे तोंड 200 चौरस सेंटिमीटरचे धरले तर 71 मिलिमीटरसाठी 7.1 गुणिले 200, म्हणजे 1420 घनसेंटिमीटर, म्हणजे दीड लिटरलाही थोडे कमीच पाणी लागते. आम्ही आधी पटकथेत दोन बादल्या लिहिल्या होत्या. हिशेबानंतर त्यांची एक लहान चरवी झाली आणि दृश्य कितीतरी अधिक भेदक झाले, कारण मंडळभराची अतिवृष्टी एका म्हाताऱ्याच्या चरवीत मावली.

तिसरी पायरी : उत्तर भागाच्या मध्यावर ठेवावे

आमचा भाग चोवीस मिनिटांचा होता. उत्तर आम्ही तेराव्या-चौदाव्या मिनिटाच्या आसपास ठेवले. उत्तर अगदी शेवटी आले तर तो केवळ धक्का ठरतो, आणि सुरुवातीला आले तर पुढचा भाग सैल पडतो. मध्यावर आले की प्रेक्षकाला ते पचवायला आणि पात्रांना त्याखाली दबायला जागा मिळते.

उत्तरापर्यंतचा प्रवास एकेक शक्यता वगळत करावा, आणि ते वगळण्याचे काम प्रेक्षकाला पात्राच्या क्षणभर आधी करता यावे. रात्री दहाला नायिका पडदा पाहते, तर उद्याच्या रकान्यात रेघ आहे. ती बॅटरी बदलते. रेघ जात नाही. नरसाळे तपासायला ती शिडीवर चढते, आणि पायरीवरच थांबते, कारण नरसाळे तुंबले असते तर शून्य आले असते. मैदानात पुढच्या ओळीतील पोरे तेव्हा 'शून्य येते, शून्य' असे ओरडत होती. मग तिच्या लक्षात येते की हे यंत्र भविष्य पाहत नव्हते, ते केवळ स्वतःची उद्याची नोंद पाहत होते, आणि उद्या साडेआठला नोंद करायला ते जागेवर असणार नाही. हे सारे तिने एकही वाक्य न बोलता समजून घेतले. संवाद लिहिला होता, तो नंतर काढला.

चौथी पायरी : उत्तरानंतर माणसे

उत्तर मिळाल्यावर लगेच पळापळ सुरू करू नये. येथे एक संथ, दोन माणसांचे दृश्य हवे, आणि त्यात मागील भागांतील एखादे वैयक्तिक गुपित सुटावे. कोडे सुटल्यावर लागलीच माणूस उलगडला की प्रेक्षक दोन्ही गोष्टी एकत्र गाठ मारून घरी नेतो. आमचे दृश्य ओसरीवर, एका दिव्याच्या उजेडात, आजोबा आणि नात, म्हणजे आमची नायिका, यांच्यात आहे. नातीकडे पाचव्या भागातील दिवसाची तपशीलवार नोंद आहे आणि त्यात 71 मिलिमीटर अवघ्या वीस मिनिटांत पडल्याचे दिसते.

'आबा, त्या दिवशी आभाय होतं का?'
'कायचं आभाय? उन्ह होतं चांगलं.'
'मंग एकाहत्तर कुठून आले?'
आजोबा तंबाखू मळत राहतात. चुना हातावरच वाळतो.
'चरवी घेऊन गेल्तो मी, माय.'

हे दृश्य लिहिताना पहिल्या खर्ड्यात आजोबांनी कर्ज, सोयाबीनचा भाव, मुलाचे शहरात जाणे असे सगळे सांगितले होते. गटातील एका बाईने ते वाचून विचारले की, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे, मग हा बुढा कोणाला सांगून राहिला? आम्ही ते सर्व कापले. मळलेली तंबाखू तोंडात जात नाही, एवढ्यावर काम भागले.

बोलीविषयी येथेच सांगतो. वऱ्हाडी बोलणारे पात्र शास्त्रीय गोष्ट समजावू लागताच पाठ्यपुस्तकी बोलू लागते, हा दोष फार आढळतो. आमची नायिका 'पर्जन्यमान' म्हणत नाही. ती 'मिलिमीटर', 'रीडिंग', 'सेन्सर' आणि 'पाणी' म्हणते, कारण गावात तेच म्हणतात. गावाकडे ज्या वस्तूला इंग्रजी नावच रूढ आहे तिला ओढूनताणून संस्कृत नाव देऊ नये.

पाचवी पायरी : कोणाला काय ठाऊक आहे

वहीच्या शेवटच्या पानावर सर्व पात्रांची नावे लिहून सातव्या भागाच्या शेवटी कोणाला काय माहीत आहे ते मांडावे. शेवटच्या भागातील ताण याच पानातून निर्माण होतो. आमच्याकडे रेघेचा अर्थ नात, आजोबा आणि शाळेचे गुरुजी अशा तिघांना कळला होता. चरवीची गोष्ट दोघांनाच माहीत होती. आणि यंत्र सोडवून काढता येईल असा ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीतील पाना कुठे असतो हे तिघांनाही ठाऊक होते. हे पान भरले नसते तर आमचा शेवटचा प्रसंग सुचला नसता.

सहावी पायरी : कुठे थांबावे

पात्र संकटात सापडले आणि भाग संपला, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत झिजलेली जागा आहे. नायिका विहिरीत लटकलेली आहे म्हणून उद्या कोणी येत नाही. ती वाचणार हे सर्वांना कळते. त्याऐवजी एखादी निवड अर्धी झालेली असताना थांबावे, म्हणजे काहीतरी केले गेले आहे हे दिसावे पण कोणी केले ते दिसू नये. आमच्या भागाचे शेवटचे चित्र हत्यारपेटीचे आहे. झाकण उघडे, आत ग्रीसचे डाग, पक्कड आणि पेचकस जागच्या जागी, आणि सोळा-सतराच्या पान्याच्या जागी त्याच्या आकाराची कोरडी, स्वच्छ पट्टी. एवढेच, आणि संगीत नाही.

आमच्या गटाला हे शहाणपण मालिकांपेक्षा झाडीपट्टीच्या नाटकांतून मिळाले, असे मला वाटते. वडसा, गडचिरोली, भंडाऱ्याकडे रात्रभर चालणाऱ्या नाटकांत पहाटेच्या आधीचा प्रवेश थंडीत चादरी पांघरून बसलेल्या माणसांना जागेवर धरून ठेवतो. तेथे उगीच आरडाओरड करून चालत नाही, कारण प्रेक्षक थकलेला असतो आणि त्याला खोटे लगेच कळते.

चित्रीकरणाच्या काही गोष्टी

सातवा आणि आठवा भाग सलग दिवसांत चित्रित करावेत. कथेत त्यांच्यामध्ये एका रात्रीचेच अंतर असते, परंतु आमच्या पहिल्या मालिकेत या दोन भागांच्या चित्रीकरणात सहा आठवड्यांचे अंतर पडले, मधल्या काळात वेचणी झाली आणि बोंडांनी पांढरी झालेली पऱ्हाटी दुसऱ्या सकाळी एकदम उघडी पडली. गावाने ते ताबडतोब ओळखले. वेचणीच्या दिवसांत मजूर स्त्रिया, म्हणजे आमचे अर्धे कलाकार, दुपारी चारपर्यंत मिळत नाहीत, हेही वेळापत्रकात धरावे.

पाऊस हवा असेल तर तुषार सिंचनाच्या संचाने तो चांगला पाडता येतो, पण दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवला तर थेंब दिसतच नाहीत. दिवा पावसाच्या मागे, कॅमेऱ्याच्या समोरून थोडा कडेला ठेवावा. मग प्रत्येक थेंब चमकतो. शेतीपंपाची वीज पाळीने येते, म्हणून पावसाचे दृश्य विजेच्या पाळीप्रमाणे ठरवावे, पटकथेतील क्रमाप्रमाणे नाही. घरातील एलईडी दिव्याखाली मोबाइलच्या चित्रात पट्टे हलताना दिसतात. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने शटर 1/50 किंवा 1/100 ठेवले की ते बहुतेक जातात. आवाजाच्या बाबतीत एकच सांगतो. शांत दृश्य रात्री अकरानंतर घ्यावे, आणि आधी शेजारच्या वावरातील मोटर कोण कधी चालू करणार आहे ते विचारून यावे.

लोणारला जाण्याचा मोह आवरावा. विदर्भात विज्ञानकथा म्हटले की प्रत्येकाला ते विवर आठवते, आणि त्यात नवल नाही, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले विवर आणि 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालेले त्याचे खारे पाणी दुसरीकडे कुठे मिळणार? परंतु तो परिसर अभयारण्य आहे, तेथे चित्रीकरणाला परवानग्या लागतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेवटून दुसऱ्या भागात प्रेक्षकाला नवी जागा दाखवू नये. सहा भाग ज्या ओसरीवर आणि ज्या धुऱ्यावर तो वावरला आहे, तेथेच त्याला धक्का बसला पाहिजे.

सातवी पायरी : वाचून दाखवणे

खर्डा तयार झाला की सहा भाग पाहिलेल्या, पण गटात नसलेल्या दोन-तीन माणसांना सातवा भाग मोठ्याने वाचून दाखवावा आणि दोनच प्रश्न विचारावेत : 'हे असे का घडत होते?' आणि 'उद्या काय होईल?' पहिल्याचे उत्तर सर्वांनी सारखे दिले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे आले पाहिजे. पहिल्यावर गोंधळ झाला तर नियमांच्या वहीकडे परत जावे. दुसऱ्यावर सर्वांचे एकमत झाले तर कोणाला काय ठाऊक आहे, ते पान पुन्हा मांडावे. आम्ही वाचून दाखवले तेव्हा एक जण म्हणाला पाना आबांनी नेला, दुसऱ्याने गुरुजींचे नाव घेतले, आणि किराणा दुकानदार म्हणाले की पोरीनेच नेला, पण ती तो वापरणार नाही. तेव्हा आम्ही खर्डा पक्का केला.

शेवटी एक बारीक सूचना. सातव्या भागानंतर 'पुढील भागात' म्हणून तुकडे दाखवू नयेत, मग त्यासाठी कोणी कितीही आग्रह धरो. हत्यारपेटीचे चित्र गेल्यावर पडदा काळा करावा, आणि नावे वर सरकत असताना मागे पर्जन्यमापकातील पात्र कलंडण्याचा आवाज ठेवावा, आधी नेमाने, मग थोड्या उशिराने, आणि शेवटची दोन नावे पूर्ण शांततेत जाऊ द्यावीत.